केळीचं खोड, पऱ्हाटी आणि सेल्युलोज: कुठपर्यंत आपण करायचं, कुठे थांबायचं?

तापीकाठ

नमस्कार. आमची शेती यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि थोडी कांदेबाग (पावसाळ्यानंतरची). मी रसायनशास्त्र शिकले, नंतर काही वर्षं पुण्यात कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. तीन वर्षांपूर्वी गावी परत आले. तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे, तो इथे मांडते.

केळीचा घड कापला की झाडाचं काम संपतं. पिलबाग (बुंध्याच्या पिलांपासूनचं पुढचं पीक) धरायची असली तरी जुनं खोड काढावंच लागतं. मग ते बांधावर जातं, नाल्यात जातं, नाहीतर रस्त्याच्या कडेला पडून सडतं. ज्यांनी केळीच्या बागेत दिवस काढलेत त्यांना तो वास आणि कपड्यांवरचे चिकाचे न जाणारे डाग वेगळे सांगायला नकोत. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळाचं नाव झालं, खोडाचं दुखणं होतं तिथेच राहिलं.

या खोडात जे कामाचं आहे ते म्हणजे सेल्युलोज. 1838 मध्ये आन्सेल्म पायाँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने वनस्पतींच्या पेशीभित्तिकांमधून ते वेगळं काढलं. मी गावातल्या मुलांना असं सांगते: ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च आपण पचवतो, त्याच ताटाच्या कडब्यातलं सेल्युलोज गुरं पचवतात, तेही पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर. दोन्हीकडे मणी एकच, ग्लुकोजचा. ओवणी तेवढी वेगळी. सेल्युलोजच्या माळा सरळसोट असतात, एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, म्हणून ते पाण्यात विरघळत नाही आणि दोरीला ताकद येते. कापसाच्या रुईत ते 90 टक्क्यांच्या वर असतं. केळीच्या धाग्यात साधारण 60 टक्के. पऱ्हाटीत (कापसाच्या वाळलेल्या झाडात), उसाच्या चिपाडात 40 च्या आसपास. उरलेलं हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. लिग्निन म्हणजे लाकूडपणा देणारा डिंक समजा. सगळी मेहनत या डिंकापासून धागा सोडवण्याची.

सोडवला की पुढे किती वाटा! कुटून लगदा केला की कागद. कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोअॅसेटिक आम्लाची प्रक्रिया केली की सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, घट्टपणा आणणारी पूड), जे टूथपेस्टपासून आइस्क्रीमपर्यंत आणि तेलविहिरी खोदतानाच्या चिखलातही वापरतात. सौम्य आम्लात उकळलं की सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज, औषधांच्या गोळ्या बांधणारं. तीव्र आम्लात धरलं की नॅनोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आम्ही धागा काढायचं यंत्र घेतलं. यंत्र विकणाऱ्यांनी सांगितलं होतं, धागा काढा, आम्हीच परत विकत घेऊ. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. पहिला लॉट त्यांनी घेतला. दुसऱ्या वेळी म्हणाले, रंग काळपट आहे. तिसऱ्या वेळी फोनच उचलला नाही. दोन माणसं दिवसभर राबली की आमचा 12 ते 15 किलो वाळलेला धागा निघतो. असा बराच धागा घरात माळ्यावर पडून आहे आणि वडील रोज त्याच्याकडे बघतात.

मला माणसं हवी आहेत. ज्यांनी यातलं काहीही हाताने केलंय, त्यांनी लिहावं.

---

नवी_वाट

ताई, नॅनोसेल्युलोजच का नाही करत? त्याला म्हणे खूप भाव आहे. व्हिडिओत एकाने घरच्या घरी करून दाखवलं.

---

तापीकाठ

@नवी_वाट, तो व्हिडिओ पाहून कृपा करून कोणी काही करू नका. नेहमीच्या पद्धतीत 64 टक्के सल्फ्युरिक आम्ल लागतं, 45 अंशांना पाऊण तास. एवढ्या तीव्रतेचं आम्ल अंगावर उडालं तर कातडी जाते. आणि त्याआधी धागा इतका शुद्ध करावा लागतो की लिग्निन जवळजवळ उरत नाही. नंतर आम्ल काढायला प्रचंड पाणी, मग डायलिसिस (बारीक पडद्यातून उरलेलं आम्ल पाझरू देणं). हाती येतं ते पाण्यात तरंगणारं पातळसं दुधाळ द्रावण. ते वाळवलं की कण पुन्हा एकमेकांना चिकटतात, म्हणजे पाण्यासकट वाहून न्यायचं. आणि गिऱ्हाईक कोण? कोटिंग बनवणारे, संशोधन करणारे.

मुंबईत माटुंग्याला सिरकॉट आहे, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. 1924 मध्ये तांत्रिक प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. नॅनोसेल्युलोजचं पथदर्शी संयंत्र त्यांच्याकडे आहे. हे काम तिथलं आहे, आपल्या गोठ्यातलं नाही.

---

पूर्णाखोरे

अकोला जिल्हा, खारपाणपट्टा. आमच्याकडे केळी नाही, पऱ्हाटी आहे. तुमचं दुखणं ओलं, आमचं कोरडं.

कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटायची आणि धुऱ्यावर ढीग लावायचा, ही बापजाद्यांपासूनची रीत. चुलीला सरपण झालं, गोठ्याला कुड झाला. आता घरोघर सिलिंडर आले, ढीग तसेच राहतात. आणि त्या ढिगातल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मजेत बसते, पुढच्या हंगामाची वाट पाहत. फरदड (वेचणीनंतर तीच झाडं ठेवून घेतलेलं वाढीव पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. बरोबरच आहे. पण ठेवू नका म्हणजे न्यायच्या कुठं? म्हणून लोक जाळतात.

नागपूरला सिरकॉटचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे मी पऱ्हाटीपासून बनवलेला पार्टिकल बोर्ड हातात घेऊन पाहिलाय. चांगला जड, खिळा धरतो. पऱ्हाटीची गंमत अशी की साल लांब धाग्याची आणि आतलं लाकूड आखूड धाग्याचं. साल सोलत बसलात तर मजुरीतच मेलात. बोर्डाला सोलावी लागत नाही, सगळंच चिरडून जातं.

अडचण वाहतुकीची. आख्ख्या पऱ्हाट्यांनी ट्रॉली डोक्यापर्यंत भरते आणि काट्यावर वजन भरतच नाही. हवाच वाहून नेतो आपण. शेतातच तुकडे केले तर त्याच ट्रॉलीत कितीतरी जास्त बसतं. आमच्या गावात आता ब्रिकेटवाले (भुसा दाबून जळणाच्या विटा करणारे) श्रेडर घेऊन येतात आणि उचलतात. भाव फार नाही, पण शेत लवकर मोकळं होतं आणि अळीचं घर जातं. माझ्यासाठी तोच मोठा फायदा आहे.

---

कागदवेडी

तापीकाठ, तुमचा धागा काळपट का झाला ते आधी सांगते. खोड कापल्यावर किती वेळाने यंत्रात घातलं? चिकातले टॅनिन हवेने काळे पडतात, कापलेलं सफरचंद पडतं तसेच. त्याच दिवशी काढला, लगेच स्वच्छ पाण्यात धुतला आणि सावलीत वाळवला तर धागा पिवळसर पांढरा राहतो. आणि बाहेरची दोन-तीन सोपटं (खोडाचे थर) वेगळी ठेवा. त्यांचा धागा राठ. आतल्यांचा मऊ, चमकदार. गाभ्याकडचं तर यंत्रात घालूच नका, तिथे धागा नाहीच म्हटलं तरी चालेल.

मी पुण्यात हातकागद करते. पुण्याची हातकागद संस्था 1940 मध्ये निघाली, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून. सुती चिंध्यांपासून कागद, ही तिथली जुनी विद्या. मी ती शिकले आणि नंतर केळीकडे वळले, कारण केळीच्या कागदाला टणत्कार असतो. हातात धरून हलवा, खणखणीत वाजतो.

माझी कृती लिहिते. धागा कात्रीने दोन सेंटिमीटरचा कापायचा. हे सोडू नका. लांब ठेवलात तर भांड्यात त्याची दोरी होऊन बसते. रात्रभर भिजत घालायचा. वाळलेल्या धाग्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढा धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा आणि तीन-चार तास मंद उकळायचं. भांडं स्टीलचंच. अॅल्युमिनियमचं पातेलं सोडा खाऊन टाकतो. धागा चिमटीत धरून ओढला की आडवा सहज तुटायला हवा, म्हणजे शिजला. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. मग कुटायचं. बीटर नसेल तर लाकडी मोगरीने दगडावर. भात कांडल्यासारखं नाही, धागा तोडायचा नाहीये. तो फुलवायचा, ठेचायचा. फुललेले धागेच वाळताना एकमेकांना धरतात, कागदात वेगळा डिंक लागत नाही. मग पाण्यात लगदा सोडून चौकटीच्या चाळणीने उचलायचा, ओल्या कापडावर उतरवायचा, दाबायचा, वाळवायचा.

माळ्यावरचा धागा टाकू नका. काळपट असला तरी कागदाला चालतो, उलट मला तो रंग आवडतो. मला संपर्क करा, पाच किलो मी घेते. आधी पैसे, मग माल.

---

तापीकाठ

कागदवेडी, तुमचा निरोप वडिलांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण उठून माळ्यावर गेले.

होय, आम्ही खोडं दोन-तीन दिवस साठवून मग एकदम काढत होतो. मजूर त्याच हिशोबाने मिळायचे. चूक तिथेच होती.

---

औषधनिर्माण_30

मी गोळ्या बनवणाऱ्या उद्योगात तीस वर्षं आहे. तापीकाठ यांनी सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोजचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

ते 1950 च्या दशकात अमेरिकेत बॅटिस्टा या शास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आलं. शुद्ध सेल्युलोज सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं की माळेतले विस्कळीत भाग तुटतात आणि घट्ट स्फटिकी तुकडे शिल्लक राहतात. एका मर्यादेनंतर तुकडे आणखी लहान होतच नाहीत. ही पूड दाबली की गोळी बनते, पाण्यात गेली की सुटते. तुमच्या घरातल्या औषधाच्या गोळ्यांपैकी कितीतरी गोळ्यांत ती असेल. वेष्टनावर बघा.

शेतातल्या अवशेषांपासून ती करता येते, प्रयोगशाळेत अनेकांनी केली आहे. पण औषधासाठी विकायची तर प्रत्येक लॉट मागच्या लॉटसारखाच हवा. राख, जड धातू, जंतू, कणांचा आकार, सगळं औषधकोशातल्या मर्यादेत. फवारणी झालेल्या पिकाचं खोड, बांधावर पडलेलं, मातीने माखलेलं, तिथून हे गाठणं फार अवघड. गावातल्या गटाने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वच्छ, एकसारखा धागा किंवा लगदा पुरवणारा गट मात्र कोणालाही हवाच असतो. पुढची पायरी ज्याच्याकडे प्रयोगशाळा आणि परवाने आहेत त्याला चढू दे.

---

तणस

भंडारा. आमचं धानाचं तणस बघा ना कोणी. काही वर्षांपूर्वी एक जण कागद कारखाना काढू म्हणून आला होता, परत गेला.

---

औषधनिर्माण_30

@तणस, कारण बहुधा सिलिका. भाताच्या पेंढ्यात राखेचं प्रमाण खूप आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच. कॉस्टिकमध्ये शिजवताना ती विरघळते आणि उरलेल्या काळ्या पाण्यात उतरते. ते काळं पाणी आटवून सोडा परत मिळवायचा तर सिलिका नळ्यांच्या आत थर धरून बसते. सोडा परत मिळाला नाही की खर्च परवडत नाही आणि काळं पाणी जातं नदीत. शेतमालाच्या अवशेषांवर चालणाऱ्या लहान कागद कारखान्यांची बदनामी यातूनच झाली.

तणसाला साचात दाबलेल्या वस्तू, अंडी ठेवायचे ट्रे, अळिंबीची लागवड या वाटा जास्त बऱ्या. गुरांनी खाल्लं तर सगळ्यात बरं.

---

निवृत्त_मातीवाला

मी आयुष्यभर मातीच्या नमुन्यांत हात घातले आहेत, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. हे सगळं 'टाकाऊ' कोणी ठरवलं?

उसाचं पाचट जाळू नका, सरीत ठेवा, कुजू द्या, हे सांगता सांगता आमचे घसे बसले. आता लोक ऐकायला लागलेत, तर पाचट विका म्हणून कोणी सांगू नये. चिपाडाचंही तेच. एक टन ऊस गाळला की जवळजवळ 280 ते 300 किलो ओलं बगॅस निघतं, पण आपल्या कारखान्यांत ते बॉयलरमध्ये जातं, वाफ होते, वीज होते. तमिळनाडूत करूरजवळ सरकारी कागद गिरणी बगॅसवर उभी आहे, तिथे त्याचा कागद होतो. छान आहे. पण आपल्याकडचं बगॅस कचरा नव्हे. त्याला आधीच मालक आहे.

आणि केळी! केळी हे पालाश (पोटॅशियम) मागणारं पीक. तो पालाश तुम्ही पोत्याने विकत घेऊन टाकता आणि मग खोडासकट तालुक्याबाहेर पाठवणार?

---

तापीकाठ

काका, तुमच्या प्रश्नामुळे मी दोन दिवस हिशोब करत बसले. तो इथे मांडते, चुकत असेन तर सांगा.

खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. एक टन खोड यंत्रातून काढलं की वाळलेला धागा साधारण 10 ते 12 किलो. म्हणजे दहा टनांचा ट्रक भरून खोडं कारखान्यात नेली तर नऊ टनांवर पाणीच नेलं. धागा मिळाला जेमतेम शंभर ते एकशेवीस किलो. डिझेलचा इतका अपव्यय दुसरा नसेल.

पण पालाश कुठे असतो? तो धाग्याला बांधलेला नसतो, रसात विरघळलेला असतो. यंत्र शेतात नेलं, तर रस आणि चोथा शेतातच पडतो. बाहेर जातो फक्त शंभरातला एक हिस्सा, आणि तो बहुतेक कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. झाडाने हवेतून आणि पाण्यातून घेतलेला. धागा न्यायचा, पाणी आणि पालाश तिथेच ठेवायचा. हे मला आधी का सुचलं नाही याचं वाईट वाटलं.

आमच्या शेजारीच, गुजरातेत, नवसारी कृषी विद्यापीठाने सिरकॉटला सोबत घेऊन नेमकं हेच केलं आहे. धाग्याचं कापड आणि कागद, रसाचं द्रवखत, चोथ्याचं गांडूळखत, आणि गाभ्याची कँडीसुद्धा. खोडाचा कुठलाच भाग वाया नाही. मला वाटतं यंत्र विकणाऱ्यांनी यातला फक्त पहिला शब्द उचलला.

---

निवृत्त_मातीवाला

हिशोब बरोबर. आता दोन सूचना. पहिली, रस ताजा आणि तीव्र ओतू नका, सौम्य करून द्या, आणि चोथा कुजवूनच टाका. दुसरी महत्त्वाची. यंत्र या शेतातून त्या शेतात नेताना चाकं, पाती, सगळं धुवा. मर रोगाची बुरशी मातीच्या ढेकळाबरोबर प्रवास करते. हरण्या (विषाणूच्या) रोगाची झाडं असलेल्या बागेतली खोडं दुसरीकडे हलवू नका.

---

पूर्णाखोरे

मातीवाले काका, एक राहिलं. कागदवेडीताईंच्या कृतीतला धुण्याचा सोडा. शिजवलेलं पाणी टाकायचं कुठं? घरात एक किलो केलं तर ठीक. गावात गट उभा राहिला आणि रोज शेकडो लिटर निघालं तर? सोडा म्हणजे सोडियम. आमच्या खारपाणपट्ट्याला विचारा सोडियम काय करतं. जमीन पाणी पीत नाही, वर चिखल अन् खाली दगड. विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही. आमच्या पिढ्या गेल्या त्यात. हे विकत घेऊ नका.

---

कागदवेडी

पूर्णाखोरे, तुम्ही माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. पुण्यात मी ते पाणी व्हिनेगर घालून सौम्य करते आणि गटारात सोडते. त्याला उत्तर म्हणता येणार नाही.

पण एक जुनी वाट आहे. जपानमध्ये हातकागद करणारे पूर्वी लाकडाच्या राखेच्या निवळीत साल शिजवत. राखेत सोडियम कमी, पोटॅशियम कार्बोनेट जास्त. काम तेच करतं, जरा सावकाश. आणि आसाममध्ये कोलखार करतात. केळीची सालं वाळवून जाळायची, राखेतून पाणी गाळायचं. ते खारं पाणी स्वयंपाकात वापरतात, पूर्वी कपडेही धुवायचे.

म्हणजे केळीचीच राख.

---

तापीकाठ

मी आत्ता अंगणात उभी राहून हे वाचते आहे आणि समोर वाळलेल्या केळीच्या पानांचा ढीग आहे.

केळीच्या राखेच्या निवळीत केळीचा धागा शिजवायचा. उरलेलं पाणी पोटॅशियमचं. सौम्य करून, पीएच तपासून परत बागेला. @निवृत्त_मातीवाला काका, चालेल का?

---

निवृत्त_मातीवाला

तत्त्वतः चालेल. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने लगदा शिजवून उरलेलं पाणी खत म्हणून वापरण्यावर कामं झालेली आहेत. पण एकदम बागेत नको. आधी कुंडीत, मग एका सरीत. दर वेळी माती तपासा, पाण्याची क्षारताही तपासा. पालाश जास्त झाला तर झाडाला मॅग्नेशियम मिळत नाही, पानं बोलायला लागतात. घाई करू नका, पण करा.

---

नवी_वाट

माफ करा, मी आधी नॅनो नॅनो करत होतो. माझ्याकडे रावेरला दीड एकर केळी आहे. यंत्र नाही, पण हात आहेत. मी येऊ का?

---

तापीकाठ

@नवी_वाट, जरूर या. येताना जुने कपडे घाला, चीक निघत नाही.

अपडेट देते. वाळलेली पानं जाळली, राख रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी धोतराच्या फडक्यातून गाळली. निवळी हाताला साबणासारखी बुळबुळीत लागते. पीएच पट्टीवर 11 च्या आसपास. माळ्यावरचा अर्धा किलो धागा कापून त्यात घातला. सोड्यात तीन तास लागले असते, इथे जवळजवळ सहा तास उकळलं. लाकूड बरंच लागलं, ते पुढच्या वेळी पऱ्हाटीच्या ब्रिकेटने करून बघायचंय (पूर्णाखोरे दादा, एक पोतं मिळेल का?). धागा चिमटीत तुटला, पण काही काडीसारखे कडक राहिले. ते बहुधा बाहेरच्या सोपटांचे.

कुटण्याचं काम वडिलांनी केलं. आजीची कपडे धुवायची मोगरी काढून दिली त्यांना. तीन कागद नीट उतरले, दोन फाटले. रंग गव्हाळ, मध्ये गाठी आहेत. कागदवेडी म्हणतात तसा आवाज अजून नाही, कुटणं कमी पडलं असावं.

शिजवलेलं पाणी दहापट सौम्य करून दोन कुंड्यांना दिलं, दोन कुंड्या तशाच ठेवल्या. चारही कुंड्यांत आमच्याच बागेची पिलं लावली आहेत. पानांचे फोटो दर रविवारी टाकेन. माळ्यावरचे पाच किलो उद्या पुण्याच्या गाडीने निघतात.